काळिंगाच्या मागावर

मी एका खेड्यातील शाळेत मुख्याध्यापक होतो, तेव्हाची गोष्ट. श्रावणाचे दिवस होते. मधल्या सुटीत शाळेच्या ओसरीवर एक लांबलचक धामण आली आणि एकच गलका उडाला. गावातील एका तरुणास साप धरण्याची विद्या अवगत होती. त्याने येऊन धामणीला अलगद पिशवीत घातले आणि सायकलवरून चार कोस दूर डोंगरात नेऊन सोडून दिले. साप मारला गेला नाही, म्हणून आम्हा सर्वांस समाधान वाटले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. पाचवीतील एका मुलाने मात्र मला विचारले, "गुरुजी, आता ती राहील कुठं?"

"रानात. रान हेच तिचे घर," असे मी म्हणालो, आणि तो मुलगा गप्प झाला.

माझे उत्तर कितपत खरे होते, याचा मी त्या वेळी विचारही केला नाही. तो विचार मला पुष्कळ वर्षांनी करावा लागला. आणि त्याला कारण झाला कर्नाटकातील आगुंबे येथे झालेला एक अभ्यास. तो अभ्यास धामणीचा नव्हता. धामणीला भक्ष्य करणाऱ्या नागराजाचा होता.

आपल्या महाराष्ट्रातून दक्षिणेकडे गेलेली सह्याद्रीची रांग गोवा ओलांडून कर्नाटकात शिरते. तेथे शिवमोगा जिल्ह्यात, घाटमाथ्यावर आगुंबे हे लहानसे गाव आहे. पावसासाठी त्याची ख्याती आहे. पुण्यास वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या सुमारे दहापट, म्हणजे सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस तेथे पडतो. आषाढात कित्येक दिवस सूर्याचे दर्शन होत नाही. झाडांच्या खोडांवर शेवाळ चढते, वाटांवर जळवा वळवळू लागतात, आणि दुपारीदेखील अरण्यात संध्याकाळ झाल्यासारखे वाटते. या अरण्याच्या कडेकडेने भाताची खाचरे, सुपारीच्या बागा आणि कौलारू घरे आहेत. माणसांची वस्ती आणि सापांची वस्ती यांच्यामध्ये तेथे कुंपण नाही.

नागराज हा जगातील सर्वांत लांब विषारी साप होय. तीन ते चार मीटर लांबीचे नागराज आढळतात. काही त्याहूनही मोठे असतात. डिवचला गेला तर तो आपल्या शरीराचा पुढचा तिसरा हिस्सा जमिनीपासून वर उचलतो आणि अरुंद फणा काढून उभ्या माणसाकडे रोखून पाहतो. त्याचा फूत्कार इतर सापांसारखा बारीक नसतो. कुत्रा दबक्या आवाजात गुरगुरावा, तसा तो घोगरा असतो. एवढे असूनही तो माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. त्याचे अन्न म्हणजे दुसरे साप. धामण, नाग, चापडा हे त्याचे भक्ष्य. भाताच्या कणगीपाशी उंदीर येतात, उंदरांमागे धामण येते आणि धामणीमागे नागराज येतो. अशा रीतीने हा राजा कधी माजघरात, तर कधी न्हाणीघराच्या कोपऱ्यात प्रकट होतो. कानडी लोक त्यास 'काळिंग सर्प' म्हणतात. आगुंब्याच्या परिसरात त्याच्याविषयी पूज्यभाव आहे. लोक त्याला सहसा मारीत नाहीत. तथापि, घरात असा पाहुणा आला असता स्वस्थ झोप लागणे कोणासही अवघडच!

रोम्युलस व्हिटेकर हे नाव सापांच्या अभ्यासकांत सर्वश्रुत आहे. त्यांचा जन्म १९४३ साली न्यूयॉर्क येथे झाला. पण बालपणीच ते भारतात आले, काही काळ मुंबईत राहिले आणि पुढे भारताचेच नागरिक झाले. चेन्नई येथील सर्पोद्यान आणि मगर-संवर्धन केंद्र ही त्यांचीच उभारणी. तरुणपणी आगुंब्याच्या रानात त्यांना नागराजाचे दर्शन घडले होते. त्या रानाचा त्यांना विसर पडला नाही. २००५ साली त्यांनी तेथे पर्जन्यवनाच्या अभ्यासासाठी एक केंद्र स्थापन केले, आणि २००८ साली त्या केंद्रातील अभ्यासकांनी एक अपूर्व काम हाती घेतले. रानात मुक्त फिरणाऱ्या नागराजाच्या मागोमाग, रेडिओच्या साह्याने, दिवसामागून दिवस जावयाचे! नागराजाचा असा मागोवा जगात प्रथम तेथेच घेतला गेला.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न तुम्हांला पडेल. नागराजाविषयी पुस्तकांतून पुष्कळ लिहिलेले होते. परंतु त्यातील बरेचसे पिंजऱ्यातील सापांना पाहून लिहिलेले. रानातील साप क्षणभर दिसतो आणि पाचोळ्यात नाहीसा होतो. तो सकाळी कोठे होता, रात्री कोठे जाईल, वर्षभरात किती रान फिरेल, हे कोण सांगणार? वाघाचे ठसे उमटतात, पक्ष्याचा आवाज येतो. साप मागे काहीच ठेवीत नाही. म्हणून त्याच्याजवळच एखादा आवाज ठेवून देणे भाग होते.

हत्तीच्या किंवा वाघाच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधता येतो. सापाला पट्टा बांधावा, तर त्याला ना खांदे, ना कमर. पट्टा सरकून पडणारच. काही चिकटवावे, तर तो कात टाकतो आणि तिच्याबरोबर तेही टाकून देतो. हा पेच १९८२ साली हॉवर्ड रायनर्ट आणि डेव्हिड कुंडल या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी एका सुधारलेल्या शस्त्रक्रियेने चांगला सोडविला. त्यांची रीत अशी : सापाचे तोंड एका पारदर्शक नळीत शिरू द्यावयाचे, नळीतून गुंगीचे औषध हुंगवावयाचे, तो निश्चेष्ट झाला, की कुशीवर लहानशी चीर देऊन एक छोटे प्रेषक यंत्र शरीराच्या पोकळीत ठेवावयाचे. यंत्राची केसासारखी बारीक तार कातडीखालून सरकवून द्यावयाची, आणि जखम टाक्यांनी शिवावयाची. यंत्राचे वजन सापाच्या वजनाच्या मानाने अगदी थोडे असावे लागते. कारण ओझे घेऊन फिरणारा साप नेहमीसारखा वागेल, याची खात्री कोण देणार? आगुंब्याचे नागराज अंगापिंडाने भक्कम. त्यांना या यंत्राचा भार जाणवण्याजोगा नव्हता. शुद्धीवर आलेला आणि सावरलेला साप पुन्हा रानात सोडला, की अभ्यासकांचे खरे काम सुरू होई.

प्रत्येक यंत्राची रेडिओ-लहर निराळी असते. आकाशवाणीवर जशी आपण सुई फिरवून मुंबई किंवा नागपूर केंद्र लावतो, तशीच येथे एका सापाची लहर लावावयाची, म्हणजे दुसऱ्याचा आवाज मध्ये येत नाही. अभ्यासकाच्या गळ्यात ग्राहक यंत्र असते आणि हातात धातूच्या आडव्या काड्यांचा एक सांगाडा. पूर्वी दूरदर्शनसाठी घरांच्या छपरांवर असे सांगाडे उभे असत. तुमच्या आजोबांना विचाराल, तर ते सांगतील. १९२६ साली जपानमधील यागी आणि उदा या दोन शास्त्रज्ञांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली, म्हणून त्यास यागी-एरिअल असे नाव पडले. तो हळूहळू भोवती फिरवावयाचा. ज्या दिशेस 'टिक्‌ टिक्‌' असा ध्वनी सर्वांत ठळक ऐकू येतो, त्या दिशेस साप. मग थोडे दूर जाऊन पुन्हा तसेच करावयाचे. नकाशावर दोन्ही ठिकाणांहून दिशांच्या रेषा काढल्या, की त्या जेथे छेदतात, तेथे आपला साप असला पाहिजे. भूमिती निरुपयोगी आहे, अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कागदावर हे सारे सरळ दिसते. आगुंब्यात तसे ते नसते. डोंगराच्या कड्यावर आपटून ध्वनी परत येतो आणि साप पूर्वेस असता पश्चिमेस असल्याचा भास होतो. ओल्याचिंब पानांत ध्वनी दबतो. साप बिळात शिरला, तर तो आणखी क्षीण होतो. पहाटे, साप निजलेला असतानाच, अभ्यासकांनी त्याच्यापाशी पोहोचावयाचे. तो जागा होऊन चालू लागला, की त्याच्यामागून जावयाचे. आणि सायंकाळी तो कोठे विसावतो ते टिपून परतावयाचे. नागराज दिवसा हिंडणारा आहे, हे त्यातल्या त्यात सुदैवच. त्याच्या मार्गात ओढा आला, तर तो पोहून जाई. अभ्यासकांनी उतार शोधावा. तो काटेरी वेलींच्या जाळीतून सरळ निघून जाई. त्यांनी वळसा घालावा. तो झाडावर चढे. त्यांनी खाली पावसात भिजत उभे राहावे. त्यातच एक पथ्य असे, की अंतर ठेवून चालावयाचे. आपल्या चाहुलीने साप वाट बदलू लागला, तर आपण सापाचा नव्हे, आपल्याच उपद्रवाचा अभ्यास केल्यासारखे होईल!

आणि कित्येक दिवस तर काहीच घडत नसे. एखादी मोठी धामण गिळल्यावर नागराज बिळात पडून राही, आणि कात टाकण्याच्या सुमारासही तो फारसा हालत नसे. असा दिवस संपला, की वहीत जागा, वेळ, उष्णता, पाऊस यांची नोंद व्हावयाची आणि पुढे 'हालचाल नाही' असे लिहावयाचे. मला त्या नोंदींचे फार कौतुक वाटते. काही घडले, की ते लिहिण्यास सारेच उत्सुक असतात. काही घडले नाही, हे भर पावसात तितक्याच इमानाने लिहिणारे थोडे.

या चिकाटीमुळे पाहावयास मिळालेल्या गोष्टी मात्र विलक्षण होत्या. उन्हाळ्याच्या आरंभी नर मादीच्या गंधाचा माग काढीत फिरतात. एकाच मादीसाठी दोन नर समोरासमोर आले, की त्यांची झुंज जुंपते. ते एकमेकांना चावत नाहीत. उंच उभे राहून, वेढे घालून, दुसऱ्याचे मस्तक जमिनीला टेकविण्याचा प्रयत्न करतात. ज्याचे मस्तक टेकले, तो हरला आणि निघून गेला. कुस्तीच्या आखाड्यातला हा न्याय आपल्याला पटण्यासारखा आहे. पण त्याच रानात एका नराने मादीला ठार करून गिळण्याचा प्रयत्न केला, हेही अभ्यासकांनी पाहिले. निसर्ग आपल्या पसंतीसाठी चालत नाही. जे दिसले, ते त्यांनी लिहून ठेवले.

घरटे हा या सापाचा खरा नवलाचा भाग. मादी आपल्या शरीराचा विळखा घालून भोवतालचा पाचोळा ओढते आणि त्याचा ढीग रचते. असे पानांचे घरटे बांधणारा दुसरा साप नाही. त्यात ती वीस-तीस अंडी घालते आणि पुष्कळ दिवस त्यांची राखण करते. ऐन पावसाळा तोंडावर येतो. भोवती मुसळधार कोसळत असता त्या ढिगाच्या गाभ्यात अंडी कोरडी राहतात, आणि कुजणाऱ्या पानांची ऊब त्यांना मिळते. पिल्ले बाहेर येण्याच्या थोडे आधी आई घरटे सोडून निघून जाते. स्वभावानेच साप खाणारी ती. पिल्लांपाशी थांबली, तर त्यांचे काय होईल, असा तर्क अभ्यासक करतात. हातभर लांबीची ती काळी, पट्टेदार पिल्ले पहिल्या दिवसापासून विषारी आणि स्वतंत्र असतात.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ.

घरात शिरलेला नागराज पकडून दूरच्या अरण्यात सोडावा, ही रीत अनेक ठिकाणी रूढ होती. सापाचा जीव वाचला, घरच्यांची भीती गेली. यात वाईट ते काय? परंतु सोडल्यानंतर सापाचे काय होते, हे कोणी पाहिलेले नव्हते. पिशवीचे तोंड उघडले, साप गवतात शिरला, की माणसे समाधानाने घरी परतत. मीही त्यांतलाच एक.

आगुंब्याच्या अभ्यासकांपाशी आता सापाचा पाठपुरावा करण्याचे साधन होते. त्यांनी दूर नेऊन सोडलेल्या एका नागराजाचा मागोवा घेतला, आणि आपल्या मूळ जागीच राहिलेल्या दुसऱ्याच्या हालचालींशी तो ताडून पाहिला. मूळ जागी राहिलेला साप फिरे खूप. पण त्याच्या फिरण्याला एक सीमा होती. आज या ओढ्यापाशी, उद्या त्या बागेत, आणि काही दिवसांनी पुन्हा ओळखीच्या बिळाकडे. दूर सोडलेला साप मात्र चालतच राहिला. तो लांबलांबच्या मजला मारीत एकाच दिशेने पुढे पुढे जात राहिला. नकाशावर त्याच्या जागा जोडल्या, तर पहिल्याच्या रेषांचा गुंता होई आणि दुसऱ्याची एक लांब रेघ निघे. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तो प्राथमिक स्वरूपाचा आहे, असे त्याच्या कर्त्यांनीच म्हटले. एवढ्याशा पुराव्यावरून नियम बांधता येत नाही, आणि तो त्यांनी बांधलाही नाही.

पण असा अनुभव त्यांचा एकट्यांचा नव्हता. शस्त्रक्रियेची रीत घालून देणारे ते रायनर्ट यांनी अमेरिकेत रॅटलस्नेक या सापांवर असाच प्रयोग केला होता. हा साप शेपटीने खुळखुळा वाजवितो. काही साप त्यांनी मूळ जागेवरून उचलून दुसऱ्या अरण्यात सोडले. १९९९ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या लेखात दिसते, की हलविलेल्या सापांपैकी निम्म्याहून अधिक मरण पावले. मूळ रहिवासी सापांत मरणाचे प्रमाण त्या मानाने फारच थोडे होते. वास्तविक ते दुसरे अरण्यही चांगलेच होते. त्यात त्याच जातीचे साप सुखाने नांदत होते.

मग उणे काय पडले? सापाला केवळ रान पुरत नाही, त्याला ओळखीचे रान लागते. थंडीत निवाऱ्याचे बीळ कोणते, उन्हाळ्यात न आटणारे पाणी कोठे, उंदीर कोणत्या बांधाला अधिक, शत्रू कोणत्या बाजूने येतो, ही त्याची आयुष्यभराची विद्या असते. एका पिशवीत घालून आपण त्याला नेतो, तेव्हा ती विद्या मागेच राहते. परक्या मुलखात तो आसरा धुंडीत हिंडतो. हिंडता हिंडता रस्ते ओलांडतो, अनोळखी वस्त्यांत शिरतो, आणि तेथे कोणी सर्पमित्र असतोच असे नाही. आमची ती धामण डोंगरात सोडल्यावर किती दिवस जगली असेल? तिच्या अंगात यंत्र नव्हते. त्या मुलाला मी दिलेले उत्तर आता दुरुस्त करता येत नाही. तो आता मुलाबाळांचा बाप झाला असेल.

पुढे नागराजाविषयीच्या आणखी एका समजुतीस धक्का बसला. भारतापासून फिलिपाईन्सपर्यंत आढळणारा नागराज ही एकच जाती आहे, असे दीडशेहून अधिक वर्षे मानले जात होते. २०२४ साली शास्त्रज्ञांनी तिच्या चार जाती आहेत असे सिद्ध केले. सह्याद्रीतील नागराज त्यांपैकी स्वतंत्र ठरला, आणि त्याच्या शास्त्रीय नावात 'काळिंगा' हा शब्द मानाने बसला. कानडी शेतकऱ्याने दिलेले नाव अशा रीतीने साऱ्या जगाच्या ग्रंथांत गेले. गोव्याच्या अरण्यांत आढळणारा नागराज तो हाच. तो केवळ या डोंगररांगेत राहतो. म्हणजे येथून नाहीसा झाला, तर त्याचा वंश आणण्यास दुसरे ठिकाण नाही.

आगुंब्यात आता घरातून निरोप आला, की अभ्यासक प्रथम दूरध्वनीवरूनच विचारतात, "साप नक्की कोठे आहे? घरात, की परसात?" परसात असेल, तर त्याला हात न लावता वाट मोकळी ठेवण्यास सांगतात. घरातच अडकला असेल, तर तो पकडतात. परंतु दूर नेत नाहीत, जवळच्याच रानात सोडतात. त्याआधी शेजारपाजाऱ्यांना गोळा करून तो कोण आहे, काय खातो आणि येथे का आला, हे समजावून सांगतात. बागेच्या कडेला मादीने घरटे केले असेल, तर घरमालकाची समजूत घालून त्याला जाळीचे कुंपण करतात आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत देखरेख ठेवतात. यात काम सापाशी थोडे आणि माणसांशी पुष्कळ. साप पकडण्यास काही मिनिटे लागतात, पण "तो उद्या पुन्हा आला तर?" असे विचारणाऱ्या आजीबाईंपाशी ओसरीवर बसून बोलण्यास कधी सारी दुपार जाते. तेवढा वेळ परसातला काळिंग फणसाच्या मुळाशी पडून राहतो. मग पाऊस थोडा ओसरला, की बांधावरून खाली उतरतो आणि सुपारीच्या बागेतून आपल्या नेहमीच्या ओढ्याकडे निघून जातो.

अभ्यास

१. सापाला रेडिओचा पट्टा का बांधता येत नाही? त्यावर कोणता उपाय योजण्यात आला?
२. 'कागदावर हे सारे सरळ दिसते. आगुंब्यात तसे ते नसते.' असे लेखकाने का म्हटले आहे?
३. मूळ जागी राहिलेला नागराज आणि दूर सोडलेला नागराज यांच्या हालचालींतील फरक आपल्या शब्दांत लिहा.
४. 'हालचाल नाही' या नोंदीचे लेखकाला कौतुक का वाटते?
५. तुमच्या घराजवळील एखादा पक्षी, खार किंवा सरडा आठ दिवस ठरावीक वेळी पाहा. जे दिसेल ते, आणि काही दिसले नाही तर तेही, वहीत लिहा.